पालारच्या काठचे मीठ

गेल्या वर्षी एका आजारी बांधवास घेऊन आम्हांस तामिळनाडूतील वेल्लोर येथे जावे लागले. एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा आम्ही राणीपेट पाहून आलो. तेथे पालार नदीचे पात्र मोठे विस्तीर्ण आहे, परंतु पाण्याऐवजी दूरवर वाळूच पसरलेली. या नदीच्या खोऱ्यात राणीपेट, अंबूर व वाणियंबाडी येथे कातडी कमावण्याचे शेकडो कारखाने आहेत.

एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्या विहिरीचे पाणी आमच्या ओंजळीत ओतले. जिभेला लावताच ते खारट लागले. "फादर, माझे वडील या पाण्यावर भात पिकवीत," तो म्हणाला. सोबत्याने त्याचे बोल आम्हांस समजावून दिले.

हे मीठ आले कोठून? कच्चे कातडे कुजू नये म्हणून त्यास मीठ चोळतात. कारखान्यात प्रथम ते धुऊन काढतात, मग चुन्यात भिजवून केस काढतात आणि त्यानंतर कातडे कमावतात. क्रोमियमच्या क्षारांनी हे काम एक-दोन दिवसांत उरकते. बाभळीची साल व हिरडा यांना मात्र कित्येक आठवडे लागतात. आमच्या अथणी-निपाणीकडील कोल्हापुरी वहाणांचे कातडे परंपरेने या दुसऱ्या रीतीने कमावले जाते. आपली रीत निर्दोष, असा अभिमान आम्हांस होता. परंतु सालीचे काळे पाणी ओढ्यात सोडल्यास तेथील प्राणवायू घटतो व मासे गुदमरतात. शिवाय कातडे मिठात राखलेले असेल, तर ते मीठ कोणत्याही रीतीत धुवावेच लागते. सांडपाण्यातील क्रोमियम वेगळे काढून पुन्हा वापरता येते. विरघळलेले मीठ काढणे त्याहून कठीण व खर्चाचे.

२८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कारखान्यांविषयी निकाल दिला. एक किलो कातड्यामागे सुमारे ३५ लिटर पाणी लागते आणि सुमारे ३५ हजार हेक्टर शेतजमीन अंशतः वा पूर्णतः नापीक झाली, अशी नोंद त्यात आहे. जो दूषित करील त्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व न्यायालयाने लागू केले. पुढे सामुदायिक शुद्धीकरण केंद्रांतून मीठ वेगळे काढण्याची व्यवस्था झाली. पण त्या मिठाचे ढीग ठेवावे कोठे, हा नवा प्रश्न उभा राहिला. भरपाईसाठी २०२५ साली त्याच न्यायालयास पुन्हा आदेश द्यावा लागला.

या धंद्यास आम्ही नावे ठेवीत नाही. हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. परंतु पाणी शुद्ध करण्याचा खर्च जोड्याच्या किमतीत धरला नाही, तर तो वाचत नाही; नदीकाठचा शेतकरी तो आपल्या विहिरीने फेडतो. म्हणून वाचकहो, वहाण घेताना कातडे कशाने कमावले एवढेच विचारून थांबू नका. ते धुतलेले पाणी कोठे गेले, हेही विचारा.