दोन शक्तींची गाडी

मुधोळ म्हटले की आपल्याकडील वाचकाच्या मनात कर्नाटकातील घोरपड्यांचे मुधोळ उभे राहते. मला येथे अभिप्रेत आहे ते गोदावरीकाठच्या बासरक्षेत्राच्या शेजारचे मुधोळ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा तालुका नांदेड जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो आदिलाबाद जिल्ह्यास जोडला गेला, आणि २०१६ पासून तो तेलंगणातील निर्मल जिल्ह्यात मोडतो. गाव जागचे हलले नाही. सरहद्द मात्र त्याच्यावरून सरकून गेली. तेथील कित्येक घरांत आजही घरी मराठी आणि कचेरीत तेलुगू असा व्यवहार चालतो, आणि बोलता बोलता एकीवरून दुसरीवर जाताना बोलणाऱ्यास कसलाही धक्का बसत नाही.

दोन शक्तींवर चालणाऱ्या आगगाड्यांविषयी वाचू लागलो तेव्हा मला या माणसांची आठवण झाली. डोक्यावर विजेची तार आहे तोवर ही गाडी विजेवर धावते. तार संपली की छतावरचा दांडा खाली घेते आणि पोटातील डिझेल एंजिनावर तशीच पुढे जाते. एंजिन बदलावे लागत नाही, थांबावेही लागत नाही. इंग्लंडच्या पश्चिम भागात २०१७ साली अशा गाड्या सुरू झाल्या. तेथे तारा टाकण्याचे काम खर्चापायी मध्येच आखडते घ्यावे लागले, आणि तारांच्या पलीकडील गावांना थेट गाडी द्यावयाची तर दुसरा मार्ग उरला नाही. जपानात २०१४ पासून कारासुयामा नावाच्या छोट्या फाट्यावर याच जातीची, परंतु धुराविना चालणारी गाडी आहे. ती तारेखाली असताना विद्युत्घट भरून घेते आणि त्या शिदोरीवर पुढील वीसेक किलोमीटर काटते.

ही सोय केवढी मोठी आहे, हे ज्याने सांध्यावर उतरण्याचे हाल सोसले त्यालाच कळावे. मुधोळास स्वतःचे स्टेशन नाही. गाडीसाठी बासर गाठावे लागते. बासरला ज्ञानसरस्वतीचे देवालय आहे. व्यासांनी गोदावरीच्या वाळूची मूर्ती करून तेथे देवीची स्थापना केली अशी श्रद्धा असून, वसंतपंचमीला मुलांच्या अक्षराभ्यासासाठी दूरदूरची कुटुंबे तेथे येतात. सिकंदराबाद-मनमाड हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात झाला, तो मीटरगेजचा. मुंबईकडून येणारी मोठी गाडी मनमाडला संपे. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी बासरच्या यात्रेविषयी बोलत, त्यात देवीच्या दर्शनाइतकेच मनमाडचे वर्णन असे : अपरात्री उतरणे, झोपलेल्या मुलास खांद्यावर घेणे, वळकट्या आणि फराळाचे डबे मोजणे, हमालाच्या मागे धावणे. रुळांच्या दोन मापांतील फरक वाहून नेण्याचे काम असे प्रवाशाच्या पाठीवर पडले होते. १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत तो मार्ग रुंद झाला आणि देवगिरी एक्सप्रेसने मुंबईहून थेट बासरला उतरता येऊ लागले.

रुळांचे माप एक झाले तरी शक्तीचा सांधा राहतोच. मुंबईत १९२५ साली विजेची गाडी आली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. देशाने पुढे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला. हे दोन प्रवाह जेथे भेटत तेथे एंजिन बदलणे आले. त्यावर तोड म्हणून चित्तरंजनच्या कारखान्याने १९७५ पासून दोन्ही प्रवाहांवर चालणारी एंजिने बांधली. विरारच्या पुढे तारेचा एक निर्जीव तुकडा असे. तेवढे अंतर गाडी केवळ आपल्या वेगावर पार करी आणि पलीकडच्या प्रवाहाशी जुळवून घेई. दोन शक्तींच्या गाडीची आपल्याकडील वडील बहीण हीच म्हणावी.

कोकणात निराळाच प्रकार होता. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मंगेशी, शांतादुर्गेच्या दर्शनास जाणाऱ्यांचा मोठाच प्रश्न सुटला. परंतु तिच्यावर तारा नव्हत्या. म्हणून वाटेत एंजिन बदलणे टाळण्यासाठी गोव्याच्या कित्येक गाड्या थेट मुंबईपासूनच, डोक्यावर वीज असताना, डिझेलचा धूर सोडीत जात. २०२२ साली सुमारे ७४० किलोमीटरच्या त्या साऱ्या मार्गावर वीज आली तेव्हा हा विचित्र प्रकार संपला.

आता देशातील ब्रॉडगेजवर जवळजवळ सर्वत्र तारा पोहोचल्या आहेत. मग दुसऱ्या एंजिनाचे ओझे हवे कशाला, असा प्रश्न कोणीही करील, आणि तो रास्त आहे. तारेखाली धावताना पोटातील डिझेल एंजिन नुसते वजन असते. त्याचा खर्च आणि देखभाल चुकत नाही. आपल्या देशाने सर्वत्र तारा टाकण्याचा मार्ग धरला तो मला योग्यच वाटतो. तरीही जबलपूर विभागाने २०२० साली तार आणि विद्युत्घट या दोहोंवर चालणारे 'नवदूत' नावाचे एंजिन डबे हलविण्यासाठी केले. कारण यार्डातील प्रत्येक रुळावर तार नसते. दुसऱ्या शक्तीचे मोल तार संपते तेथे कळते.

म्हणून गाडी कोणत्या शक्तीवर चालते यापेक्षा मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : सांध्याचा भार कोणी वाहावा? गाडीने वाहिला तर यात्रेकरू निवांत झोपतो. गाडीने नाकारला तर तो झोपलेल्या मुलासकट फलाटावर येतो. विजेची तार बासरपर्यंत आली म्हणून मुधोळच्या म्हातारीचा प्रवास संपत नाही. तिला स्टेशनाबाहेर वेळेवर मोटार मिळेपर्यंत तो सांधा तिच्याच पाठीवर राहणार.

मुधोळची मुले आज तेलुगूत आणि इंग्रजीत शिकतात, आणि घरच्या मराठीला कोणी अनावश्यक वजन म्हणू लागले तर ते नवल नव्हे. त्या मुलांच्या आईबापांना माझे एवढेच सांगणे आहे की आजी-आजोबांपर्यंतचा, अभंगापर्यंतचा आणि नांदेडच्या सोयऱ्यांपर्यंतचा मार्ग त्याच एंजिनावर चालतो. ते उतरवून ठेवले तर पुढच्या पिढीला त्या स्टेशनाची गाडी मिळणार नाही.