घरगाडीची दैनंदिनी (भाग २) : मागचा डोळा

शुक्रवार, पुणे

उद्या पहाटे निघायचं आहे आणि डॅशकॅम अजून खोक्यातच आहे. सकाळी आठ वाजता इलेक्ट्रिशियन आला, तेव्हा ताईनं त्याच्या हातात चहाचा कप देतानाच सांगून टाकलं, "आज हे झाल्याशिवाय तू जायचं नाहीस."

तिची घाई मला समजते. गेल्या पावसाळ्यात कुंभार्ली घाट चढताना आमच्या पुढचा टेंपो थांबला आणि मागे सरकत येऊन आमच्या बंपरवर आदळला. मी हँडब्रेक ओढून, हॉर्न दाबून बसले होते. पाच मिनिटांत जमलेल्या माणसांनी मात्र निकाल दिला : गाडी बाई चालवत होती, म्हणजे बाईनंच मागून ठोकलं. आमच्याजवळ सांगायला पुष्कळ होतं, दाखवायला काहीच नव्हतं. १४ हजार रुपये मोजून आम्ही सुटलो. कराड येईपर्यंत ताई एक अक्षर बोलली नाही.

साध्या मोटारीत डॅशकॅम लावणं अर्ध्या तासाचं काम आहे. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये पिन घातली की झालं. कॅम्परमध्ये दोन प्रश्न जास्तीचे असतात. पहिला विजेचा. आमच्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत : एक इंजिन सुरू करायची, दुसरी घरातली, म्हणजे दिवे, पंखा, फ्रिज यांची. गाडी उभी असतानाही कॅमेऱ्यानं पहारा द्यावा असं वाटत असेल तर त्याला रात्रभर वीज लागते. ती इंजिनाच्या बॅटरीतून घेतली, तर एखाद्या सकाळी समुद्रकाठी किल्ली फिरवून नुसतं टक्‌टक् ऐकायची पाळी येईल.

हार्डवायर किटला तीन वायरी असतात. काळी अर्थिंगची, ती बॉडीच्या बोल्टाखाली. लाल वायर किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर, म्हणजे गाडी चालू आहे की उभी, हे कॅमेऱ्याला कळतं. पिवळीला कायमचा करंट लागतो, आणि ती आम्ही घरातल्या बॅटरीवर नेली. ही बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० अँपिअर-अवरची. उभ्या गाडीत आमचा कॅमेरा साधारण ०.३ अँपिअर खातो, म्हणजे २४ तासांत सात-सव्वासात अँपिअर-अवर. फ्रिजच्या मानानं हे काहीच नाही. व्होल्टेज कमी झालं की किट आपोआप वीज तोडतं, पण इथं एक मेख आहे. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीसाठी ठेवलेली १२ व्होल्टची मर्यादा या बॅटरीला चालत नाही. हिचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास टिकून राहतं आणि मग एकदम कोसळतं. बारावर कॅमेरा बंद होईल तोवर फ्रिजसाठी काही उरलेलं नसेल. म्हणून मर्यादा १२.८ वर ठेवून घेतली.

दुसरा प्रश्न लांबीचा. मागच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली वायर सहा मीटरची. गाडीची लांबी बघितली तर पुरेल असं वाटतं. पण वायर सरळ जात नाही. पुढच्या पिलरमधून वर, छताच्या अस्तरातून मागे, छतातल्या पंख्याला वळसा घालून, भांड्यांच्या कपाटामागून खाली, असा तिचा प्रवास. ती ओट्यापाशीच संपली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम, मागचा राहू द्या. अ‍ॅक्सिडेंट काय, पुढंच होतात." दुपारचा एक वाजला होता, मीही कंटाळले होते. मी हो म्हणणार, तेवढ्यात ताईनं चपला घातल्या, रिक्षा करून नाना पेठ गाठली आणि दीड तासानं दहा मीटरची वायर घेऊन परत आली. "मागून येणाराला कोण बघणार?" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी सहाला दोन्ही डोळे उघडले. पुढचा आरशाच्या मागे, चालवताना नजरेच्या आड येणार नाही असा. मागचा काचेच्या वरच्या कडेला, आतून. कॅमेरा निवडताना मी एकच हट्ट धरला होता, आत बॅटरी नको, कपॅसिटर हवा. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे तापमान ६० अंशांच्या पुढे जातं आणि छोट्या लिथियम बॅटऱ्या तिथं फुगतात. कार्डही सतत पुसून पुन्हा लिहिण्यासाठी बनवलेलं घेतलं, १२८ जीबीचं. दोन्ही बाजू मिळून सुमारे सात तास मावतात. त्यानंतर नवं चित्रण सर्वांत जुन्यावर लिहिलं जातं.

रात्री वकील भाच्याचा फोन आला. कॅमेऱ्यातलं चित्रण पुरावा म्हणून कधी चालतं, हे सांगताना त्यानं जालन्याच्या निवडणुकीचा खटला समजावून सांगितला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, १४ जुलै २०२०. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुरावा म्हणून चालेल का, असा तो वाद होता. न्यायालयानं सांगितलं, की मूळ उपकरणच मालकानं हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण नक्कल द्यायची तर तिच्याबरोबर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून हा विषय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आला आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही भरावी लागते. "मावशी, काही झालं तर कार्ड काढून ठेव. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या क्लिपवर विसंबू नकोस, ती दाबून लहान झालेली असते." हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

शनिवार, हरिहरेश्वर

ताम्हिणीतून उतरलो. धुकं विळ्यापर्यंत सोबतीला होतं. माणगावला मिसळ, म्हसळ्याला डिझेल, आणि चार वाजता समुद्र.

रात्री चित्रण लावलं, तर सगळ्या रस्त्यावर वर्तमानपत्र पसरलेलं! डॅशबोर्डवर ठेवलेल्या अंकाचं प्रतिबिंब काचेत पडलं होतं आणि ताम्हिणीतल्या एकाही गाडीचा नंबर वाचता येत नव्हता. ताईनं आपल्या काळ्या शालीची घडी डॅशबोर्डवर पसरली. आवाजाचं रेकॉर्डिंगही बंद केलं. घरातल्या वाटण्यांबद्दल आम्ही दोघी गाडीत जे बोलतो, ते कार्डावर कशाला?

रविवार, केळशी

सकाळी आठला बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचलो. सावित्रीच्या खाडीवरून जंगल जेटीनं, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीनं, वेसवीला उतरायचं होतं. ओहोटी इतकी, की जेटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यामध्ये चांगलाच कोन झाला होता. पुढची चाकं चढली, मागची चढायला लागली आणि खालून खर्रर्र आवाज आला. गाडीचा मागचा भाग सिमेंटला घासत होता. जेटीवरच्या पोरांनी चाकांखाली लाकडाच्या फळ्या सरकवल्या आणि इंचाइंचानं आम्हाला वर घेतलं.

त्यांच्यातला वयस्कर माणूस गाडीला प्रदक्षिणा घालून आला. "शेपूट लांब आहे हो तुमच्या गाडीचं," तो म्हणाला. मागच्या चाकाच्या मागे हिचा जवळजवळ दीड मीटर भाग लोंबता आहे. सामानाची पेटी, पाण्याची टाकी, सगळं तिथंच. मग त्यानं मला हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आज वद्य तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणजे सव्वाआठ. "तुम्ही बरोबर नको त्या वेळी आलात. लांब गाडीनं पाणी वर असताना यावं."

हा माणूस मला फार आवडला. आयुष्यभर खाडी ओलांडत राहिलेल्या माणसाजवळचं ज्ञान असं दोन वाक्यांत मावतं आणि तो ते परक्या बाईला सहज देऊन टाकतो.

केळशीला एका घरी जेवणाची आणि त्यांच्याच खळ्यात गाडी लावायची सोय झाली. सुपारीच्या बागेला लागून घर. रात्री जेवताना त्या घरच्या वहिनी संकोचत म्हणाल्या, "ताई, तो तुमचा लाल दिवा रात्रभर आमच्या माजघराकडे बघत राहणार का?" मी बाहेर जाऊन पाहिलं. गाडी अशी उभी होती, की पुढचा कॅमेरा थेट त्यांच्या दारावर रोखलेला. पहाटे त्यांची सून त्याच दारातून विहिरीवर जाणार होती. मी फ्यूजच काढून वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो देवळीत ठेवला. आपल्या गाडीच्या काळजीपोटी आपण कुणाच्या अंगणात काय टिपत बसतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. यापुढे कुणाच्या घरापाशी मुक्काम असेल तर पहारा बंद.

सोमवार, गुहागर

आज चतुर्थी, भरती तीनला. शिकलेला हिशोब लावून दाभोळला बाराच्या सुमारास पोचलो. पाणी चढलेलं, फळी जवळजवळ सपाट. वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला गाडी अलगद उतरली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

गुहागर हे एका लांब रस्त्याचं गाव. दोन्हीकडे वाड्या, चिऱ्याचे गडगे, आणि उजव्या हाताला समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. अशाच एका गल्लीत मुक्कामाचं घर होतं. वळण घट्ट, म्हणून मी गाडी आधी डावीकडे, गडग्याच्या अगदी जवळ घेतली, मग स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे तोडलं आणि हळूहळू आत शिरले. कुठं काही लागलं नाही. निदान मला जाणवलं नाही.

गाडी लावून दहा मिनिटं झाली असतील. साधारण सत्तरीचे एक काका गल्लीतून चालत आले. आवाज चढवला नाही. "तुमच्या गाडीचा मागचा भाग लागला हो माझ्या स्कूटरला. पडली ती."

माझ्या पोटात कुंभार्ली घाट उभा राहिला. तीच जमणारी माणसं. मी म्हणाले, "काका, मी स्कूटरला पुरेशी जागा सोडली होती. माझ्याकडे कॅमेरा आहे, दाखवते." आणि खरोखरच पुढच्या कॅमेऱ्यात सगळं माझ्या बाजूनं होतं. स्कूटर गडग्याला टेकून उभी, गाडी तिच्या शेजारून सुखरूप पुढे गेलेली, वेग ताशी सात किलोमीटर. शेजारचे दोघे-तिघे मोबाइलवर वाकून बघत होते. एक जण म्हणाला, "बाईंची चूक दिसत नाही." काका गप्प झाले.

तेव्हा ताई म्हणाली, "मागचा लाव."

मला तो लावायचा नव्हता. हे लिहायला जड जातं, पण तसंच होतं. पुढच्या चित्रणानं मला निर्दोष सोडलं होतं आणि मला तेवढ्यावर थांबायचं होतं. ताई माझ्याकडे बघत उभी राहिली. मी लावला.

मागच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलट दिसतं, म्हणून आधी मी चुकीच्या कडेकडे बघत बसले. मग दिसलं. गाडीचं तोंड उजवीकडे वळतं, तसं शेपूट डावीकडे झुलतं. फार नाही, वीतभर. स्कूटर चित्रात येते ती हलतच येते, स्टँडवरून सरकते, गडग्याला घासते आणि आडवी होते. सगळं मिळून चार सेकंद. मी त्या वेळी पुढे बघत होते.

वळताना गाडी मागच्या चाकांभोवती फिरते, त्यामुळे त्यांच्या मागे जेवढा भाग लोंबता, तेवढा तो उलट्या दिशेला बाहेर पडतो. काल जेटीवरच्या माणसानं हे शेपूट मला बोटानं दाखवलं होतं. वर-खाली ते कुठं लागेल, हे मी शिकले होते. आडवंही ते कुठं तरी लागेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

मी काकांची माफी मागितली. सगळ्यांसमोर मागितली, कारण कॅमेराही सगळ्यांसमोरच दाखवला होता. एक आरसा, ब्रेकची लिव्हर आणि पॅनेलवर ओरखडे. धक्का इतका हलका होता, की कॅमेऱ्याच्या सेन्सरला तो कळलाच नाही आणि फाइल लॉक झाली नाही. चालवत राहिले असते तर सात तासांत ती पुसली गेली असती. ताईनं ती लॉक केली आणि काकांना म्हणाली, "तुमचं काम पूर्ण होईपर्यंत ही राहील."

मंगळवार, गुहागर

सकाळी काकांबरोबर गॅरेजला गेले. आरसा आणि लिव्हर मिळून ८५० रुपये झाले. पॅनेल रंगवायला ते नको म्हणाले. मी पुन्हा विचारलं, ते पुन्हा नको म्हणाले. मग व्याडेश्वराच्या देवळापर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. त्यांचा मुलगा मुंबईला टँकर चालवतो. टँकरचं शेपूट किती झुलतं, हे मी त्याला विचारावं, असं म्हणून त्यांनी त्याचा नंबर दिला. मी फोन केला. त्यानं न हसता, नीट समजावलं : वळायच्या आधी गाडी वळणाच्या विरुद्ध बाजूच्या गडग्याला चिकटवायचीच नाही, हातभर जागा सोडायची, आणि स्टिअरिंग तोडताना डोळा पुढे नाही, विरुद्ध बाजूच्या आरशात.

दुपारी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात गाडी नेली. ताईनं मुक्कामाच्या घरातून नारळाची दहा-बारा सोडणं मागून आणली होती. ती गाडीच्या डाव्या कडेला, चार-चार बोटांच्या अंतरानं रांगेत मांडली. मी स्टिअरिंग अर्धं तोडून वळले, मग पूर्ण तोडून, मग पुढे थोडं सरळ जाऊन. प्रत्येक वेळी कोणतं सोडण उडालं ते ताई बघायची आणि वहीत लिहायची. तासाभरानं तिनं डाव्या आरशाच्या काचेवर पिवळ्या टेपची बारीक पट्टी चिकटवली. कडेची वस्तू त्या पट्टीच्या आत दिसली तर वळायचं नाही.

उद्या तवसाळहून जयगडला. षष्ठी आहे, सहाची पाऊणपट साडेचार. दुपारी दोननंतर निघायचं ठरलं आहे.