गोळीचं माहेर

ही गोष्ट माझ्या पोटात राहणार नाही, आणि तसंही तिथे सध्या जागा नाही. सातवा सरत आलाय. त्यामुळे लिहूनच टाकते. माझ्या स्वतःच्या गावात, साक्रीत, जिथे मी दहावीपर्यंत शिकले, तिथल्या बाजारात गोणपाट टाकून बसलेल्या बायकांपुढे जे हिरवं हिरवं पसरलेलं असतं, ते नेमकं काय असतं हे मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळलं. एकोणतिसाव्या! लाजही वाटते आणि नाचावंसंही वाटतं. नाचायला डॉक्टरांची परवानगी नाही.

सुरुवात रडारडीने झाली. सहावा लागला तेव्हा मी पुण्याहून माहेरी आले ती हातात रिपोर्ट घेऊनच. हिमोग्लोबिन 9.4. गरोदरपणी ते 11 च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. मी तर लोहाच्या गोळ्या रोज, एक दिवसही न चुकवता घेत होते. मग माशी शिंकली कुठे? ती शिंकली कपात. सकाळी ऑफिसची घाई, एका हातात गोळी, दुसऱ्या हातात आल्याचा चहा, की घोट घेतला आणि निघाले. माझ्या गोळीसोबत काय पोटात जातं हे पुण्यात कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. साक्रीत आशाताई घरी आल्या, दारातच उभ्या, चप्पलसुद्धा काढलेली नाही, आणि पहिला प्रश्न: "गोळी कशासोबत घेता?" मी म्हटलं, चहा. त्यांनी कपाळाला हात लावला. चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं, अंगी लागू देत नाही. चहा आणि गोळी यांच्यात तास-दोन तास जाऊ द्यायचे. कॅल्शियमची गोळी निराळ्या वेळेला, कारण तीही लोहाच्या आड येते. लोहासोबत लिंबू, आवळा, काहीतरी आंबट घ्यायचं. झालं! दोन मिनिटांचं काम! आतून आजी ओरडली, "मी कवयनी सांगी ऱ्हायनू ना, पोरी, आधी भाकर खाई ले, च्या मंग." आजी हे माझ्या जन्मापासून सांगतेय. तिला टॅनिन माहीत नाही, पण उपाशीपोटी चहा पिणाऱ्या माणसाविषयी तिचं मत पहिल्यापासून वाईट आहे.

त्याच आठवड्यात आईने मला बाजारात नेलं, आणि तिथे माझे डोळे उघडले.

तालुक्याच्या पश्चिमेकडून, पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या कोकणी आणि भिल्ल बायका एका कडेला बसल्या होत्या. तराजू नाही, किलो नाही, वाटे मांडलेले. मी लहानपणी याच बायकांसमोरून नाक वर करून फ्लॉवरकडे गेलेली आहे. या वेळी मी थांबले. एका मावशीपुढे बसले म्हणजे बसूनच राहिले, कारण एकदा बसल्यावर उठणं हल्ली सोपं नाही. तिच्यापुढे कुर्डूची कोवळी पानं होती, कडेला जांभळट झाक असलेली. तरोटा होता, गोल गोल जोडपानांचा, जो आमच्या शाळेमागच्या उकिरड्यावर उगवायचा आणि आम्ही तुडवायचो. गवतासारखी दिसणारी कोळीची भाजी, जिला कोकणात फोडशी म्हणतात. काटेरी अंगाची कटुर्ली. बांबूचे कोंब, त्यांना ती वास्ता म्हणाली. आणि तेरा, म्हणजे रानातलं अळू. प्रत्येक भाजीची तिच्याकडे वेगळी गोष्ट. ही नुसती परतायची, हिचं पहिलं पाणी फेकायचं, हिच्या पोटातला पांढरा दांडा काढून टाकायचा. मी तेऱ्याला हात घातला तर तिने माझ्या पोटाकडे बघून हात बाजूला केला. "हाई नको तुले." घसा खाजवतो, नीट आंबट घालून शिजवायला यावा लागतो, पहिलटकरणीने नव्यानेच करून बघायची ही भाजी नाही. दहा रुपये बुडवून तिने मला ती विकली नाही! असा दुकानदार मॉलमध्ये दाखवा.

कुर्डूचा वाटा तिने सागाच्या पानात गुंडाळून काडीने टाचला. घरी येईपर्यंत मी तो वास घेत होते.

आता कृती, कारण हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आजीने माळ्यावरची लोखंडी कढई काढायला लावली. पानं तीनदा धुतली, तळाशी माती बसली ती ओतली. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, मूठभर भिजलेली मूगडाळ, मग चिरलेला कुर्डू. कढईभर पाला टाकला होता, बघता बघता वाटीभर झाला. वरून शेंगदाण्याचा जाडसर कूट, आणि उतरवल्यावर लिंबू. उतरवल्यावर, आधी नाही, कारण लिंबातलं जीवनसत्त्व क आचेने मरतं आणि पाल्यातलं लोह अंगी लागायला तेच तर हवं असतं. भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढली, लोखंडात ठेवली की काळी पडते. सोबत कळण्याची भाकरी. अहिराणीत ळ चा य होतो, म्हणून आमच्याकडे ती कयन्याची भाकर. चार वाटे ज्वारी, एक वाटा सालासकट उडीद, मीठ घालून दळलेलं. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असतं ते उडीद भरून काढतो, हे मी आता वाचलंय. आमच्या खापरपणजीने ते न वाचता दळून ठेवलं होतं.

मी दोन भाकरी खाल्ल्या. दोन! पाचव्या महिन्यापर्यंत उलट्यांनी बेजार झालेली मी!

आणि मग, मैत्रिणींनो, मला बारीपाडा सापडला. म्हणजे तो होताच, माझ्याच तालुक्यात, पिंपळनेरच्या पुढे, फक्त मी तिकडे पाठ करून पुण्याला गेले होते. 1990 च्या सुमाराला तिथला डोंगर तोडून तोडून बोडका झाला होता, पाण्यासाठी बायकांना वणवण होती. चैत्राम पवार या गावच्याच शिकलेल्या तरुणाने वनवासी कल्याण आश्रमाच्या साथीने गावाला एकत्र बसवलं, झाडतोडीवर बंदी घातली, आणि गावाने चारशे हेक्टरांहून मोठं जंगल राखून दाखवलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा माझ्या फोनवर बातमी आली होती. मी अंगठा दाखवून पुढे सरकले होते! जंगल परत आलं तशा जंगलातल्या भाज्या परत आल्या, आणि 2004 पासून तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बायका रानातली भाजी आणतात, शिजवतात, मांडतात, तिच्याविषयी सांगतात. सागाच्या पानात कुर्डू बांधून देणारी बाजारातली मावशी मला आठवली आणि उगाच गळा दाटून आला. हार्मोन्स असतील. असू देत.

पप्पांनी गाडी काढली, आई पाठीला उशी लावून शेजारी बसली, आणि आम्ही एका रविवारी तिकडे जाऊन आलो. स्पर्धेचा दिवस नव्हता, काही नव्हतं, नुसता पाऊस आणि झाडं. मी गाडीतून फार उतरलेही नाही. पण साक्रीच्या उघड्याबोडक्या माळांवरून गाडी जाते आणि पुढे एका ठिकाणी डोंगराला केस फुटल्यासारखे दिसतात, तेव्हा कळतं की माझ्या ताटातल्या वाटीभर भाजीच्या मागे तीस वर्षांची राखण आहे.

घरी येऊन मी वाचत सुटले. आणि आता जे सांगणार आहे ते वाचून मी रात्री अकरा वाजता आईला उठवलं होतं.

पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यांना फॉलिक ॲसिडची गोळी देतात ना? बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा नीट घडावा म्हणून? ती गोळी कुठे जन्मली माहीत आहे? तिचा एक पाय मुंबईत आहे! 1928 मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक भयंकर रक्तक्षय व्हायचा, नेहमीच्या उपायांना न जुमानणारा. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कामाला सुरुवात केली, बायका काय खातात, काय खात नाहीत ते तपासलं, आणि शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रेडवर लावायच्या मार्माइटने, त्या बायका बऱ्या केल्या. 1931 मध्ये ते छापून आलं. त्यात नेमकं कोणतं द्रव्य आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. दहा वर्षांनी, 1941 मध्ये, अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक गाळून ते द्रव्य वेगळं काढलं. चार टन पालक! आणि नाव काय ठेवलं? लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून फॉलिक ॲसिड. म्हणजे पान! आपण गोळी म्हणून जे गिळतो त्याचं नावच पान आहे. गोळीचं माहेर भाजी आहे!

आई म्हणाली, "बरं, झोप आता."

मला मात्र झोप कसली लागतेय. कारण पुण्यात, म्हणजे मी जिथे नोकरी करते तिथेच, केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने 1990 च्या दशकात आसपासच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या ताटात काय असतं याची नोंद ठेवली. 2001 मध्ये निष्कर्ष आले. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ज्या जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. मुंबईच्या झोपडपट्टीतही पुढे एक प्रयोग झाला, पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला सामोशासारखा खाऊ बायकांना रोज द्यायचा. ज्यांनी दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून तो खाऊ खाल्ला त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 48 ग्रॅमने वाढलं. उशिरा सुरू केलेल्यांना तो लाभ दिसला नाही. हे वाचून मी जरा खट्टू झाले, माझा तो मुहूर्त हुकलाय. पण माझ्या नणंदेचं लग्न येत्या मार्गशीर्षात आहे आणि तिला मी आत्तापासून कुर्डूचे फोटो पाठवतेय. तिला वाटतंय मला वेड लागलंय.

थोडं लागलंही आहे, म्हणून एक गोष्ट ठणकावून सांगते. मी गोळ्या सोडलेल्या नाहीत. उत्साहाच्या पहिल्या आठवड्यात वाटलं होतं की आता निसर्गच बघून घेईल, गोळ्यांनी तसंही पोट जड होतं. डॉक्टरांनी शांतपणे हिशेब सांगितला. गरोदर बाईला दिवसाला 27 मिलिग्रॅम लोह लागतं, सरकारी गोळीत 60 असतं. पाल्यात लोह आहे, पण त्यातलं फार थोडं अंगी लागतं. 9.4 वरून वर चढायला नुसती भाजी पुरणार नाही. पालेभाजीत बी-12 ही नसतं, त्यासाठी दूध, दही, अंडं, मासे. मुकाट ऐकलं. पोटाच्या तक्रारीला मात्र रोजची वाटीभर भाजी, नागलीची पेज आणि भरपूर पाणी यांनी उतार पडला, तो पडलाच.

आणि आजीचंही सगळं ऐकत नाही. ती म्हणते पोटभर जेवू नको, बाळ मोठं होईल, अडशील. हे खानदेशात घराघरात ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. शेजारच्या काकू केशर आणून गेल्या, बाळ गोरं व्हावं म्हणून. केशर महाग आहे, बाळ त्याच्या आईबापांच्या रंगाचं होणार आहे, त्या पैशांत महिनाभराच्या शेंगा आणि गूळ येतात. बाजारातल्या मावशीला मी विचारलं, तुम्ही पोटुशी असताना काय खायचात? ती हसली. "जे ऱ्हाये ते." जे असेल ते. माझ्यासाठी कुर्डू हा शोध आहे. तिच्या घरी कित्येकदा तेवढंच होतं, डाळ नाही, दूध नाही. आदिवासी पट्ट्यातल्या अंगणवाड्यांत 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर बायकांना एक वेळचं पुरं जेवण देतात, भाकरी-भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळी, ते याचसाठी. रानभाजीचं कौतुक करताना मला हे आता आठवावं लागतं.

पण कौतुक थांबत नाहीये, काय करू! श्रावणात कटुर्ली खाल्ली, भाद्रपदात अंबाडी, लसणाची फोडणी दिलेली, आंबट. आईने शेवग्याच्या पानांची भाजी केली, जे झाड आमच्या परसात माझ्या जन्माआधीपासून उभं आहे आणि आम्ही फक्त शेंगा खात होतो.

परवा रक्त तपासलं. 10.8. अजून अकराला दोन टिंबं कमी आहेत, डोस चालू आहे, चहा दुपारी चारला एकच कप. उद्या बाजार आहे. कुणाला यायचं असेल तर सकाळी लवकर या, भाव करू नका, आणि भाजी कशी शिजवायची हे विकणारणीला विचारल्याशिवाय उठू नका. दहानंतर कुर्डू उरत नाही.