तीन रेघांच्या खाली

काळ्या पडद्यावर उण्याच्या ओळी तांबड्या उमटतात आणि अधिकच्या हिरव्या. त्यांच्या वर तीन आणि खाली तीन ओळी बिनरंगाच्या असतात. त्यांना काही झालेलं नसतं, जागा ओळखू यावी म्हणून त्या नुसत्या शेजारी उभ्या असतात. काय गेलं, काय आलं आणि कुणाच्या शेजारून. लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, पाठवलेला पॅच दिसायला एवढासाच. घर निजलं की मी असे पॅच वाचत बसते. स्वतः पाठवलेले थोडे, दुसऱ्यांचे फार. बाहेर पावसाची रिपरिप, जिन्यात कुणीतरी चालू ठेवलेला दिवा, आणि समोर कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या, कधीही न भेटणाऱ्या माणसाने एका कंसाविषयी केलेला दीर्घ, शांत विचार.

एका कंसाविषयी!

बदल पुष्कळदा एका ओळीचाच असतो. एखादा ड्रायव्हर हार्डवेअर जागं करायला निघाला, मध्येच काही बिनसलं, तो मागे फिरला आणि फिरताना हातातली मेमरी परत ठेवायची राहून गेली. ती परत ठेवणारी ही ओळ. पण त्या ओळीच्या डोक्यावर दोन-तीन परिच्छेद असतात. काय बिघडलं होतं, कुणाला दिसलं, कोणत्या जुन्या कमिटपासून हे दुखणं लागलं, आणि उपाय हाच का. ते आज्ञार्थात लिहायचं, असा रिवाज आहे: ‘मेमरी मोकळी कर’, ‘तपासणी आधी कर’, जणू तीन कोटींहून अधिक ओळींच्या त्या अवाढव्य कोडसमोर उभं राहून आपण त्याला वळण लावतो आहोत. वर्षांनंतर दुसरंच कुणी, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ‘गिट ब्लेम’ चालवून त्या ओळीपाशी पोचेल आणि विचारेल, ही इथे कशासाठी? तेव्हा लिहिणारा कदाचित नोकरी, देश, कदाचित हे जगच सोडून गेलेला असेल. उत्तर द्यायला ते परिच्छेद तेवढे असतील.

इथे रिकाम्या जागेलाही वजन आहे. ओळ आत सरकवायची ती टॅबने, आणि टॅब आठ अक्षरांएवढा रुंद. पॅच मेलने पाठवतात; मेल पाठवणाऱ्या एखाद्या अतिउत्साही प्रोग्रामने टॅबच्या जागी स्पेस घातल्या तर डोळ्यांना काही उमगत नाही, पण पॅच लागत नाही. म्हणून साधा मजकूर. ठळक अक्षरं नाहीत, रंग नाहीत, जोडलेली फाइल नाही. न दिसणारं न दिसणाऱ्याशी जुळावं लागतं.

मग येतात तीन आडव्या रेघा. त्यांच्या वरचा सगळा मजकूर पॅच स्वीकारला की गिटच्या इतिहासात जातो आणि तिथेच राहतो. रेघांच्या खाली, कोड सुरू होण्याआधी, थोडी मोकळी जागा असते. तिथे लिहिलेलं पॅच लावताना गळून पडतं. दुसऱ्या आवृत्तीत नाव बदललं, तिसरीत एकाचे दोन पॅच केले, अमक्याच्या सूचनेवरून तपासणी वर नेली, असा हिशेब तिथे मांडतात. कधी एखादी नुसती कबुली: हे उपकरण माझ्याकडे नाही, फक्त कंपाइल करून पाहिलं आहे. मला वरच्यापेक्षा हे खालचं जास्त आवडतं. वर निश्चय असतो, खाली माणूस. त्याची चाचपड, त्याची नम्रता, कुणाचं तरी ऐकून स्वतःची ओळ खोडतानाची त्याची छोटी, अवघड दिलदारी, आणि हे सारं इतिहासात जाणार नाही हे ठाऊक असूनही ते नीट, शुद्ध, आवृत्तीवार लिहिण्याची त्याची सवय.

गिट हे सांभाळून ठेवत नाही.

सांभाळली जातात ती नावं. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही सहीची ओळ 2004 साली आली. त्याच्या आदल्या वर्षी लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून अमेरिकेत खटला उभा राहिला होता. प्रत्येक ओळ कुठून आली हे सांगता यावं म्हणून ही सही. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, एवढंच ती म्हणते. लिहिणारा सही करतो, मग तो पॅच उचलणारा मेंटेनर आपली सही खाली जोडतो, आणि पॅच एका हातातून दुसऱ्या हातात चढत जातो. जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर दात्यांची नावं कोरलेली असतात, त्यांची आठवण मला या ओळी वाचताना येते. फरक इतकाच, की इथे ज्याने पायरी बसवली नाही, फक्त ‘ही हलते आहे’ असं येऊन सांगितलं, त्याचंही नाव ‘रिपोर्टेड-बाय’ म्हणून कोरतात.

पाठवल्यावर मात्र वाट पाहणं. आठवडाभर तरी पुन्हा विचारू नये, असं कर्नलचेच कागद सांगतात. त्या शांततेत माणूस आपल्याच ओळी इतक्यांदा वाचतो, की त्या परक्या वाटू लागतात. आणि वाट तरी किती पाहावी? कर्नलला वेळेचा काटेकोर पाबंद करणारं ‘प्रीएम्प्ट-आरटी’चं काम सुमारे वीस वर्षं उंबरठ्याबाहेर पॅचच्या रूपात वाढत राहिलं; त्याचे शेवटचे तुकडे 2024 च्या सप्टेंबरात आत आले. पॅचला येणारी उत्तरं पूर्वी फार कडवट असत. 2018 मध्ये लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने स्वतःच्या तुसडेपणाची जाहीर माफी मागितली, काही आठवडे बाजूला झाला, आणि आचारसंहिता आली. त्या कडवटपणाने कोड चांगला राहिला असं अजूनही काहीजण हळहळून सांगतात. मला ते कधी पटलं नाही. मी वाचलेले उत्तम रिव्ह्यू आटोपशीर आणि सौम्य असतात.

नव्या आवृत्तीचा, नऊ-दहा आठवड्यांचा, इथला एक ऋतू. पहिले दोन आठवडे दारं उघडी, नवं सगळं आत येतं. मग दारं मिटतात आणि दर रविवारी एक कच्ची आवृत्ती, निवत निवत, पक्की होत जाते. त्या चक्रातून बाहेर पडलेलं कर्नल कुठे कुठे जातं! पुण्यात, पाषाणच्या हवामान संस्थेत, पावसाचा अंदाज बांधणारा ‘अर्का’ महासंगणक त्यावरच चालतो. 2017 पासून जगातल्या सर्वांत वेगवान 500 संगणकांपैकी एकही त्याच्याशिवाय नाही.

पण मला ओढ लावतो तो डिसेंबर 2012 मधला एक बदल. 1991 च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या 21 वर्षांच्या एका विद्यार्थ्याने आपल्या छंदाची वार्ता जगाला दिली, तेव्हा त्याच्या टेबलावर 386 प्रोसेसरचा संगणक होता. लिनक्स त्याच यंत्रासाठी, त्याच यंत्रावर जन्मलं. सारा कोड दहा हजार ओळींच्या आसपास. एकवीस वर्षांनी त्या 386 साठीचा आधार काढून टाकणारे पॅच आले. कोड सोपा होत होता, जुनं जड ओझं उतरत होतं, कारण पूर्ण रास्त होतं, आणि ज्या अंगणात पहिलं पाऊल टाकलं त्याच्या फरश्या एकेक करून उचलल्या जात होत्या.

उणे, उणे, उणे.

टोरवाल्ड्सला त्याचं दुःख झालं नाही. त्याने आनंदाने निरोप दिला. त्याचं बरोबरच होतं.

कर्नलला लिहिणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती वाचणाऱ्यांची. तुम्हाला सी येत असेल आणि जवळ एखादा जुना लॅपटॉप पडून असेल, तर पहिला पॅच पाठवण्याची घाई करू नका. दुसऱ्या कुणाचा एक घ्या, रेघांच्या वरचं आणि खालचं दोन्ही वाचा, आपल्या यंत्रावर लावून चालवून बघा, आणि चालला तर आपल्या नावाने ‘टेस्टेड-बाय’ची ओळ उत्तरात पाठवा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.