विठोबाचे सस्पेन्स खाते

देवावर माझा विश्वास आहे. पण तो बँकेतल्या माणसाचा विश्वास आहे. म्हणजे सही जुळल्याशिवाय नाही. आईचे तसे नाही. गेली पन्नास वर्षे ती आपल्या सगळ्या काळज्या विठोबाकडे भरते आहे आणि एकदाही तिने पावती मागितलेली नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. ९ तारखेला बँका बंद. १० ला आमच्या शाखेचे दार उघडले, तेव्हा रांगेचे शेपूट पिठाच्या गिरणीपर्यंत गेले होते. दिवसभर मी नोटा मोजत होतो. चहा आला, थंड झाला आणि तसाच परत गेला. रात्री कॅश जुळवायला बसलो, तर अठरा हजार कमी! दोन हजारांच्या नऊ कोऱ्या नोटा. पुन्हा मोजले. पुन्हा तेच.

कॅशमधली तूट कॅशियरने खिशातून भरायची, हा आमचा सनातन धर्म. पण पैशाचे एक वेळ सोडा. लोक तोंडावर "होतं हो असं" म्हणतात आणि पाठ फिरली की एकमेकांकडे बघतात, त्याचे काय?

घरी जेवण गेले नाही. "अहो, झोपा आता," असे बायको तीनदा म्हणाली आणि स्वतः झोपली. कार्तिकी एकादशीचे दिवस. आषाढीला झोपलेला देव कार्तिकीला उठतो म्हणतात. देवाला चार महिने झोप लागते. मला चार मिनिटे लागेना! रात्री दोनला माझ्या येरझाऱ्यांनी आई उठली.

"काय रे, किती कमी आले?"

"अठरा हजार."

"तू घेतलेस का?"

"आई!"

"मग विठोबावर टाक आणि झोप."

"तो कमरेवर हात ठेवून उभा आहे. तो काय नोटा मोजणार?"

"मोजायचे तू. सकाळी उठून मोज. रात्र त्याच्याकडे दे." एवढे बोलून दोन मिनिटांत ती घोरायलाही लागली.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बँकेत फरक सापडला नाही, तर आम्ही तो सस्पेन्स खात्यात टाकतो आणि दिवस बंद करतो. फरक मिटत नाही, पण दिवस मिटतो. बारा वर्षे हे करूनही ते स्वतःला लागू करायचे मला सुचले नव्हते. आईचा विठोबा हेच तिचे सस्पेन्स खाते. वडील गेले, त्या रात्रीची न जुळणारी बेरीजही तिने तिथेच टाकली असणार. सकाळी उठून तिने आमचे डबे भरले होते.

मी अठरा हजार विठोबाच्या नावे टाकले. कधी झोपलो, कळले नाही.

सकाळी ताज्या डोक्याने स्लिपा चाळतोय तोच एक पेन्शनर आजोबा आले. "दहा हजार मागितले होते. पाचऐवजी दहा नोटा दिल्यात." उरलेल्या चार आजतागायत आल्या नाहीत. ते आठ हजार मीच भरले, विठोबाने नव्हे. झोप मात्र त्याने भरली.

मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटा मागे घेत असल्याचे जाहीर केले. ज्यांच्यासाठी जागलो, त्याच गेल्या! आईचे खाते चालू आहे. शेजारी मीही एक उघडले आहे. अधूनमधून पावती मागावीशी वाटते. पण तो पेशाचा दोष.