रायपूर : एका खुर्चीपासून नव्वद खुर्च्यांपर्यंत

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव अशी स्टेशने मागे टाकत रायपूरला पोहोचते. भंडाऱ्यापासून दिसू लागलेली भाताची खाचरे थेट रायपूरपर्यंत सोबत करतात. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. म्हणूनच रायपुरात आजही मराठी घरे आहेत, महाराष्ट्र मंडळ आहे आणि चौकाचौकांतून ओळखीची आडनावे भेटतात.

१८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत निर्माण केला. राजधानी नागपूर. मुंबई, मद्रास, बंगालला स्वतःची कायदेमंडळे मिळाली. मध्य प्रांताला मात्र १९१४ पर्यंत वाट पाहावी लागली. तोवर या प्रांताचे गाऱ्हाणे मांडण्याची जागा एकच, ती म्हणजे व्हाइसरॉयचे कायदेमंडळ. हिवाळ्यात ते कलकत्त्याला भरे, उन्हाळ्यात सिमल्याला. सभासद सरकार नेमी. साहजिकच मान मिळे तो सरदार, जमीनदार आणि नामांकित वकिलांना.

१८९३ मध्ये नागपूरचे गंगाधरराव चिटणवीस या मंडळात गेले. त्यांचे घराणे भोसल्यांच्या चिटणिशीचे. नागपूर ते आसनसोल हा लोहमार्ग रायपूरवरून १८९१ मध्येच पूर्ण झाला होता. त्यामुळे कलकत्ता पूर्वीइतके दूर राहिले नव्हते. पण तिथे गेलेल्या सभासदाच्या हाती काय होते? १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली, प्रश्न विचारण्याचीही दिली. मात्र अंदाजपत्रकावर मत देता येत नसे आणि उत्तर समाधानकारक नसले तरी उपप्रश्न विचारता येत नसे!

हे बंधन किती जाचक होते, ते पुढच्या काही वर्षांत दिसले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ छत्तीसगडावर कोसळले. भाताचे पीक बुडाले, गावेच्या गावे मदतकामांवर खडी फोडायला गेली. दुष्काळावर किती खर्च करायचा, हे ठरवताना मात्र या गावकऱ्यांच्या वतीने हात वर करण्याचा अधिकार कोणालाही नव्हता.

त्याच दिवसांत, जानेवारी १९०० मध्ये, बिलासपूरकडच्या पेंड्रा गावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, तर आर्थिक भार उचलणारे रायपूरचे वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी! मासिक जेमतेम तीन वर्षे चालले. पण १९०१ मध्ये त्यातच सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली. जमीनदाराने झोपडी हिरावून घेतलेल्या एका विधवेची ही गोष्ट हिंदीतल्या अगदी आरंभीच्या कथांमध्ये गणली जाते. ज्यांना सरकारी खुर्ची मिळणे शक्य नव्हते, त्यांनी कागदाच्या चार पानांवर आपली सभा भरवली, असेच म्हणायला हवे. सप्र्यांची अखेरची वर्षे रायपुरातच गेली. १९२६ मध्ये त्यांचे इथेच निधन झाले.

दिल्लीत खरेखुरे वरिष्ठ सभागृह आले ते १९२१ मध्ये, ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ या नावाने. पण त्याचे मतदार साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे १७ हजार! त्याच वर्षी चिटणवीस मध्य प्रांताच्या नव्या कायदेमंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

रायपूरला गेलेल्या पाहुण्याने महंत घासीदास संग्रहालय पाहावे, बुढा तलावावर संध्याकाळ घालवावी आणि राजकुमार कॉलेजकडेही जरूर जावे. संस्थानिकांच्या मुलांसाठी १८८२ मध्ये जबलपूरला काढलेली ही शाळा १८९४ मध्ये रायपूरला आली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, तेव्हा विधानसभेला स्वतःची इमारत नव्हती. त्यामुळे पहिली बैठक १४ डिसेंबर २००० रोजी भरली ती याच कॉलेजच्या जशपूर हॉलमध्ये.

सभासद नव्वद. त्यांत कोणी शेतकरी, कोणी वकील, कोणी आदिवासी पाड्यावरून आलेला. महाराष्ट्राप्रमाणे इथे विधान परिषद नाही. वरिष्ठ सभागृहाशिवायच राज्याचा कारभार चालतो. जिथे राजपुत्र राज्य करायला शिकत, तिथे धानाच्या खाचरात राबणाऱ्यांनी निवडून दिलेली माणसे बसली. शंभर वर्षांपूर्वी नागपूरहून कलकत्त्याला गेलेल्या त्या एका खुर्चीचा प्रवास इथे येऊन पुरा झाला.