नव्या भाताची मूठ

नवापूर तालुक्यात ख्रिस्ती असणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मिशनरी या भागात आले, मागोमाग शाळा निघाल्या, चिंचपाड्याला मिशनचा दवाखाना झाला. आमच्या घरात ख्रिस्त आजीच्या पिढीत आला. घरात आम्ही मावची बोलायचो, पण देवाशी बोलायचं म्हटलं की छापील, शुद्ध मराठी. आजीला ती धड जमत नसे. तरी प्रार्थनेला डोळे मिटले की तिचं कधी अडायचं नाही.

रविवारी उपासनेआधी संडे स्कूल. फ्लॅनेलच्या पाटीवर बाई कागदी चित्रं चिकटवायच्या. त्यातलं एक अजून जसंच्या तसं आठवतं. डावीकडे रुंद वाट, गर्दीनं भरलेली, शेवटी लाल-पिवळा जाळ. उजवीकडे अरुंद वाट, तुरळक माणसं आणि वर क्रूस. जाळातली एक ज्वाळा नीट चिकटत नसे, सारखी खाली पडायची. आम्ही पोरं हसायचो. मग एकदा मला सुचलं की आजोबा त्या डाव्या वाटेवर असणार. ते घरातल्या बाप्तिस्म्यांच्या आधीच गेले होते. वाघदेवाला नारळ फोडणारा माणूस, दारू न पिणारा, कुणाचं देणं न बुडवणारा. त्यांच्यापर्यंत येशूचं नावच पोचलं नव्हतं, यात त्यांचा काय दोष? मी कुणाला विचारलं नाही. त्या वयात असले प्रश्न पोटातच राहतात.

माझ्या श्रद्धेला पहिली चीर गेली ती तिथं. पुढं कॉलेजात विज्ञान वाचलं, मित्रांशी वाद घातले, पण त्यांनी फार बिघडवलं नाही. आजोबांचं मात्र मिटेना. योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं सहावं वचन, ‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही,’ तोंडपाठ होतं, आणि तेच घशात अडकायचं.

आजीला हा त्रास नव्हता. नवं भात घरी आलं की त्यातली पहिली मूठ ती कोठीवर ठेवायची, धान्याची देवी कणसरीसाठी. दुसरी मूठ फडक्यात बांधून मंडळीत अर्पणाला. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढच्या हंगामात पुन्हा दोन मुठी काढल्या. मला वाटतं, आमच्या घरातलं सगळ्यात पक्कं धर्मशास्त्र तिच्याकडेच होतं.

नारायण वामन टिळकांची गाणी आम्ही झांजा-ढोलकीवर म्हणायचो. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 मध्ये आणि 1917 मध्ये मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा असलेला. हे मला तिशी उलटल्यावर कळलं. संडे स्कूलमध्ये हे सांगत नाहीत. का, तेही समजतं. पण मिशन सोडून ख्रिस्त न सोडणारा माणूस आपल्याच गाण्यांच्या पुस्तकात इतकी वर्षं बसला होता, याचा मला फार आधार वाटला.

आता मी दर रविवारी जात नाही. साक्ष द्यायला उभा राहत नाही. तारण झालं का, असं कुणी विचारलं तर विषय बदलतो. गाणी मात्र सुटली नाहीत. गाताना माझा विश्वास असतो, इतकं मी प्रामाणिकपणे म्हणू शकतो. अर्पणाची पिशवी आली की खिशातली नोट टाकताना हात जरा संकोचतो, कारण त्यात माझ्या शेतातलं काही नसतं.

कापणीच्या सणाला मात्र गावी जातोच. अर्पणात आलेल्या वस्तूंचा उपासनेनंतर लिलाव होतो: भोपळे, तूर, अंडी, पाय बांधलेले कोंबडे. यंदा पायलीभर तुरीवर मी बाजारभावाच्या दुपटीनं बोली लावली आणि लोक हसले. शेजारी बसलेल्या लेकीनं मध्येच विचारलं, “बाबा, पणजोबा स्वर्गात आहेत का?”

“आहेत,” मी म्हणालो. वचन काही हाताशी नव्हतं.

पुढंच उभ्या असलेल्या पाळकसाहेबांना ते स्वच्छ ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोंबडा उंच धरला आणि ओरडले, “दोनशे! दोनशेच्या वर कोण?”